व्याहीभेटीचा कांदा

कांद्यातलं जेवढं आमच्या व्याह्यांना कळतं तेवढं खुद्द कांद्यालाही कळत नसेल. मी सोलापुरात राहतो, जिथे दर तिसऱ्या माणसाचा कुणी चुलता नाहीतर मेहुणा कांद्यात असतो, त्यामुळे हे वाक्य मी जबाबदारीने लिहीत आहे. व्याही चाळीस वर्षं मार्केट यार्डात कांद्याचे अडते होते. गोणीत न बघता हात घालायचा, एक कांदा काढून अंगठ्याने दाबायचा आणि तो कुठल्या रानातला, किती पाणी प्यालेला, किती दिवस टिकणारा, हे सांगून टाकायचं, ही त्यांची ख्याती. अडत पुतण्याकडे सोपवून त्यांना आता बरीच वर्षं झाली, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही. ते आंबा दाबतात, कलिंगड दाबतात, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बसायच्या आधी सोफा दाबतात. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी माझा दंड दाबला होता आणि आपल्या मुलाकडे वळून म्हणाले होते, "घट्ट हायेत. टिकतील." मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझी पारख इतक्या थोडक्यात त्याआधी कुणी केली नव्हती.

माणसांबद्दलची त्यांची सगळी मतं मानेवरून ठरतात. कांद्याची मान बारीक आणि वाळलेली असली तर तो साठवणीत टिकतो. मान जाड आणि ओली असली की वरून कितीही देखणा असो, आतून सडतो. हाच न्याय ते माणसांना लावतात. एका लग्नात वऱ्हाड उपाशी ठेवून अर्धा तास आशीर्वाद देणाऱ्या एका पुढाऱ्याकडे बघत ते माझ्या कानाशी पुटपुटले, "मान बघा की पाव्हणं. पावसाळा काढत न्हाई ह्ये." पावसाळ्यानंतरच्या निवडणुकीत तो गृहस्थ पडला. तेव्हापासून मी आरशासमोर उभा राहिलो की आधी मान बघतो.

असा हा माणूस उतारवयात खायचा कांदा सोडून न खायच्या कांद्याच्या नादी लागला. रानकांदा आपल्याकडच्या माळावर पूर्वीपासून आहे. नारळाएवढा गड्डा, सोललात तर पांढराशुभ्र, पापुद्र्यावर पापुद्रा. पण कडू जहर. मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि माणसाने लावलं तर दवाखाना गाठावा लागतो. पावसाळ्यात त्याला पट्ट्यासारखी लांब पानं येतात, थंडी सरता सरता ती वाळून जातात आणि इथे जमिनीत काही आहे याची खूणही उरत नाही. मग ऐन चैत्र-वैशाखात, सगळा माळ करपलेला असताना, एकही पान नसताना, जमिनीतून नुसता एक दांडा वर येतो. सरळ, काठीसारखा, कमरेच्याही वर जातो. त्याला खालपासून वरपर्यंत बारीक फुलं लागतात. ती दिवस कलल्यावर उमलतात आणि सकाळी मिटलेली असतात. या फुलाला बाजार नाही, देवाला ते कुणी वाहत नाही, आणि गजऱ्यात तर नाहीच नाही.

व्याह्यांची आणि त्याची गाठ अडतीतच पडली. मंगळवेढ्याकडून आलेल्या एका गोणीत खायच्या कांद्यांबरोबर हा एक चुकून आला. हमालांनी त्याचा चेंडू केला. व्याह्यांनी तो उचलून गादीमागच्या फळीवर, जुन्या वह्यांशेजारी ठेवला आणि विसरले. त्याच वर्षी त्यांची पत्नी गेली होती; त्यामुळे त्या वर्षी ते बऱ्याच गोष्टी विसरत होते. एप्रिलमध्ये एका सकाळी दुकान उघडून बघतात तर भिंतीवरचं कॅलेंडर पुढे आलेलं. त्याच्या मागून, माती नाही, पाणी नाही, ऊन नाही, अशा फळीवरून एक दांडा निघाला होता आणि त्याने एप्रिलचं अख्खं पान वर उचलून धरलं होतं. कांद्याच्या धंद्यात फुलाच्या दांड्याला डेंगळा म्हणतात, आणि डेंगळा आलेला कांदा कवडीमोल. "चाळीस वरीस डेंगळा दिसला की माल मागं सारला," हा प्रसंग सांगताना ते दरवेळी म्हणतात, "आन ह्या गड्यापुढं मी खुर्ची घिऊन बसलो."

पुढे रस्ते रुंद होऊ लागले, माळावर जेसीबी फिरू लागले, तेव्हा हे त्यांच्या आधी पोचून, मोपेडच्या पायरीवर रिकामी गोणी ठेवून, गड्डे उपटून आणायचे. गच्चीवर त्यांची रांग झाली. घरात मराठी बोलणारा हा माणूस गच्चीवर गेला की गड्ड्यांशी कानडीत बोलतो. त्यांचं आजोळ अक्कलकोटच्या पलीकडे आहे आणि झोपलेल्याशी आजोळच्याच भाषेत बोलावं असं त्यांचं मत आहे. रानकांद्याची निगा कशी राखायची असं कुणी विचारलं की ते बोट वर करून एकच सांगतात: होळीपासून मृगापर्यंत पाणी घालायचं नाही. खत नको, सावली नको, रोज जाऊन बघणंही नको. बहुतेकांना एवढं कमी काम जमत नाही.

लग्न, वास्तुशांत, बारसं, कुठेही ते स्टीलचं भांडं न देता रानकांदा देऊ लागले. आणि नुसते देऊन थांबत नाहीत, तपासायला येतात. टेंभुर्णीच्या एका नातेवाइकांकडे ते असेच न कळवता गेले, तर त्या लोकांनी गड्ड्याला काळा दोरा बांधून दृष्ट लागू नये म्हणून तो दारावर उलटा टांगलेला. घरातली माणसं ओशाळली. व्याही मात्र खाली उभे राहून बराच वेळ बघत राहिले. उलट्या गड्ड्यातून दांडा खाली निघून, वळून, परत आभाळाकडे गेला होता. "टांगलाय तर टांगू द्या," ते म्हणाले, "पाणी घालत न्हाईत न्हवं? मग झालं."

आमच्याकडे रानकांदा आला तो व्याहीभेटीत. आमच्यात लग्नात दोन्हीकडचे बाप एकमेकांना भेटतात, गळामिठी होते, टॉवेल-टोपी आणि नारळ दिला-घेतला जातो. मांडवात सगळे बघत होते. मी नारळ दिला. त्यांनी माझ्या हातात हळद-कुंकू लावलेला एक मातकट गड्डा ठेवला. बायकांच्या घोळक्यात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं सुरण आहे, कुणी म्हणालं, अहो कांदेवाल्यांची पद्धत असेल. मी गड्डा हातात घेऊन उभा. "नारळ काय, उद्या फुटंल आन खाऊन संपंल," व्याही म्हणाले, "ह्ये तुमच्या मागं राहील."

लग्नानंतर माझ्या पत्नीने, हिने, तो आमच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापासून हातभर लांब लावला. मी खड्डा खणतो म्हणालो तर म्हणाली, "तुम्ही पुस्तक घेऊन बसा. खड्डा म्हणजे परिशिष्ट नव्हे." स्वतः खुरपं घेऊन बसली, माती चाळली, गड्ड्याची मान जमिनीवर राहील असा तो पुरला, आणि वर लगेच तांब्याभर पाणी ओतलं. इथून हिच्या आणि व्याह्यांच्या भांडणाला सुरुवात झाली. ते भांडण सात वर्षं चाललं आणि दोघांनाही त्यात फार सुख होतं.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. प्यायचं पाणी मोरीत ओतणं या गावात कुणाच्या हातून होत नाही. जेवण झाल्यावर तांब्यात जे उरेल ते झाडाला, हा हिचा नियम. आणि उरावं म्हणून जेवण संपता संपता ही अर्धा तांब्या पुन्हा भरून आणायची. दुपारी एक वाजता, चैत्र असो की वैशाख, ते पाणी रानकांद्याला. व्याहीही नेमके तपासायला यायचे ते उन्हाळ्यातच.

"विहीणबाई, सांगून ठेवलं हुतं की मी."

"बेचाळीस डिग्री ऊन आहे, व्याहीबुवा. आपण दारातल्या कुत्र्यालासुद्धा पाणी ठेवतो."

"कुत्र्याला ठेवा की. ह्ये काय कुत्रं हाय व्हय?"

"जीव तर आहे ना त्यात?"

"जीव हाय म्हणूनच म्हणतोय. पोट भरून झोपलंय त्ये. झोपलेल्याच्या तोंडात पाणी वततंय का कुणी?"

"बरं, नाही घालत. तुम्ही गेलात की घालते."

मग ही त्यांना कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी वाढायची. ते भाकरी हातावर घेऊन आधी अंगठ्याने दाबायचे आणि मान डोलवायचे. सात वर्षांत रानकांद्याला आमच्याकडे पानं आली, फूल कधी आलं नाही. दर चैत्रात ते गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, मातीत डोकावायचे, आणि दांडा नाही असं बघून "पाजलंय" एवढाच निकाल द्यायचे. ही पदर तोंडाला लावून हसायची.

गेल्या मार्गशीर्षात ही गेली. आजार तीन आठवड्यांचा. त्या तीन आठवड्यांत जे जे करता येईल ते मी केलं, आणि त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. दिवस झाल्यावर मुलगी आणि जावई पुण्याला परतले. हिची घरातली जी कामं होती त्यातली बहुतेक मला येत नव्हती. एक येत होतं. दुपारी एकला मी जेवायचो, तांब्या भरायचो आणि मागे जाऊन रानकांद्याला पाणी घालायचो. ही निदान नळाचं पाणी लांबलं की हात आखडायची. मी कधी आखडला नाही. ती अर्धा तांब्या घालायची; मी पूर्ण घालायचो, काठोकाठ. दिवसातली तेवढी पाच मिनिटं मला काय करायचं ते माहीत असायचं.

होळी झाल्यावर व्याही आले. मी नेमका तांब्या हातात घेऊन अंगणात उभा होतो. ते खाली बसले, गड्ड्याभोवतीची माती बोटांनी बाजूला केली आणि अंगठा लावला. अंगठा आत गेला. मी तो आत जाताना बघितला.

"एका अंगानं मऊ लागलंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आतनं सडाय लागलंय. आता वाळलं तर वाचंल. असंच पाणी ऱ्हायलं तर पाऊस येस्तवर खलास."

"तिनं लावलाय तो," मी म्हणालो.

"ठावं हाय की मला."

"बंद करायचं म्हणजे..." मी म्हणालो. त्यांनी ओल्या मातीच्या जागी कोरडी माती लोटली, हात झटकले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी जेवलो, तांब्या भरला आणि मागे गेलो. तो सडतोय हे मला कळत होतं, आणि हात थांबत नव्हता.

इतक्यात मोपेड वाजली. व्याही राहतात मार्केट यार्डाजवळ, आम्ही जुळे सोलापुरात. मधे अख्खं गाव. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले ते सरळ घरातून मागच्या अंगणात आले आणि हात पुढे केला. "आणा हिकडं." मी तांब्या दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या, वरून, एका दमात घशात रिकामा केला, टॉवेलाने मिशा पुसल्या, रिकामा तांब्या माझ्या हातात ठेवला आणि "येतो" म्हणून निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. आठवड्याने मी म्हणालो, "व्याहीबुवा, उन्हाचं कशाला येता? मी नाही घालणार पाणी."

"तुमच्यासाठी कोण येतंय? तुमच्या घरचं पाणी गोड लागतंय."

"नळ तोच आहे की."

"तांब्या येगळा हाय."

शेजारच्या सूनबाईंनी मला एकदा हळूच विचारलं, "काका, त्यांच्याकडं पाण्याचा टँकर येत नाही का हो? आमच्याकडून दोन कॅन देऊ का?" मी ते व्याह्यांना सांगितलं. ते इतके हसले की ठसका लागला, आणि त्या दिवशी पाणी दोनदा प्यावं लागलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी ते आले नाहीत. सव्वा वाजला, दीड वाजला. मी रानकांद्यापाशी उभा होतो. तांब्या जड होत चालला होता. एवढंसं पाणी, मला वाटलं, एका दिवसाचं. त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या दुपारी मी असाच काहीतरी हातात घेऊन कुणाच्या तरी उशाशी उभा होतो: चमचा, औषधाची बाटली, ओला रुमाल. नुसतं उभं राहणं मला तेव्हाही जमलं नव्हतं. मी तांब्या कलता केला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून ओरडा ऐकू आला, "सुम्न कुंद्री! पाव्हणं, सुम्न कुंद्री!" कानडीत याचा अर्थ गप बसा. आजवर ते असं फक्त गच्चीवरच्या गड्ड्यांना म्हणत. मी पुढे येऊन बघितलं, तर पंक्चर झालेली मोपेड ढकलत, घामाने निथळत, भर उन्हात व्याही येत होते.

"वतलं?"

"नाही."

"आणा मग. जीव चाललाय माझा."

पाणी पिऊन ते पहिल्यांदाच लगेच गेले नाहीत. धुण्याच्या दगडावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची गेली तवा तिच्या बीपीच्या गोळ्या मी वरीसभर आणत हुतो. एक तारीख आली की मेडिकलमधी जायाचं, पाकीट घ्यायचं, कपाटात ठिवायचं."

"वर्षभर?"

"मग. मेडिकलवाल्याला ठावं हुतं ती गेल्याली. मयतीला आलता त्यो. तरी द्यायचा बिचारा. मग एक दिशी म्हणला, काका, त्या गोळ्या कंपनीनं बंद केल्या. आता मिळायच्या न्हाईत. खोटं बोलला. मागं फळीवर दिसत हुत्या मला. लई उपकार केले."

वैशाख लागला आणि एका सकाळी मातीतून पेन्सिलीएवढं काहीतरी वर आलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी ते वीतभर झालं. मी व्याह्यांना फोन केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. सात वर्षं ही रोज पाणी घालत होती म्हणून दांडा आला नव्हता, आणि आता ती घालत नाही म्हणून आला, एवढंच मला त्यात दिसत होतं. ही असती तर हा आला नसता. त्या दांड्याकडे बघवेना. शिवाय एक वाजता व्याही येणार, आणि सात वर्षांचं भांडण ते जिंकले आहेत हे त्यांना समोर उभं दिसणार. त्यांनी काही म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

ते आले. त्यांनी दांडा बघितला. तांब्या घेतला, आणि त्या दिवशी पाणी सावकाश, घोट घोट प्याले. मग खाली बसून अंगठ्याने गड्डा चाचपला. मऊ बाजू वाळून कडक झाली होती.

"विहीणबाईंनी सात वरीस पाजलं," ते म्हणाले, "म्हणून गड्डा एवढा भरलाय. बारक्या गड्ड्याला असा दांडा येत न्हाई. माझ्या गच्चीवर एक न्हाई ह्या जाडीचा."

खरं की खोटं, मला माहीत नाही. कांद्यातलं कळतं ते त्यांना. त्यांच्या गच्चीवर चढून दांड्यांची जाडी बघायला मी गेलो नाही; जाणारही नाही.

पंधरा दिवसांनी, ऊन उतरल्यावर, आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो होतो. दांडा माझ्या छातीला लागेल एवढा झाला होता. खालच्या कळ्या एकेक करून उघडल्या. फुलं बारीक, मातकट रंगाची, कडेला थोडी पांढरट, खाली बघणारी. मी इतकी वर्षं काहीतरी मोठं समजून चाललो होतो.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच की," ते म्हणाले. "वास येतोय का?"

"नाही."

"मला येतोय." आणि डोळे मिटून बसले. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मला हिचं हसणं आठवलं. दांड्याकडे बघत असताना ते आठवलं तरी मी उठून आत गेलो नाही.

त्यानंतर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जावई त्यांना पुण्याला घेऊन गेला. दांडा आता वाळला आहे. बोंडं तडकून त्यांतल्या काळ्या, पातळ बिया वाऱ्याने अंगणभर उडतात. दुपारी एक वाजता माझा फोन वाजतो. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"प्यालात का?"

"प्यालो."

"सगळा तांब्या?"

"सगळा."

"बरं. बसा मग," म्हणून ते फोन ठेवतात.

तांब्या मी खरंच तोंडाला लावतो. पण काठोकाठ भरलेला तांब्या माझ्याने एका दमात संपत नाही. तळाशी घोटभर उरतं. ते कुठे जातं, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.